तायडेकाकांच्या घरातल्या तांबड्या पट्ट्या

घर पाहायला गेलो की मी चपला बाहेर काढतो आणि खिशातून पाच रुपयांचं जुनं जाड नाणं काढतो. घरवाल्यांना वाटतं, मिस्त्री काही शकुन पाहतोय. मी खाली बसतो आणि एकेका फरशीवर नाणं वाजवत सरकत जातो. फरशी खालून घट्ट धरलेली असली तर आवाज टणक येतो, पोकळ असली तर बद्द येतो. बद्द बोलणाऱ्या फरशीवर खडूनं फुली मारायची. तेवढ्या फरश्या काढून खालचा खड्डा भरून घेतल्याशिवाय पुढचं काम नाही.

एकतीस वर्षं झाली मला फरशीच्या कामात. अमरावतीत राहतो, पण काम बडनेऱ्यापासून वरूडपर्यंत कुठंही. पूर्वी फरशी बदलायची म्हणजे जुनी फोडायची, ट्रॉलीभर मलबा न्यायचा, घरादारावर आठवडाभर धूळ. आता लोक म्हणतात, जुनी राहू द्या, तिच्यावरच नवी बसवा. ऐकायला सोपं वाटतं. पण जुनी फरशी वर्षानुवर्षांच्या फिनाइलनं आणि तेलकट हातापायांनी गुळगुळीत झालेली असते, तिच्यावर काही चिकटत नाही. तिला छिन्नीनं टाचे मारून खरबरीत करावं लागतं, धुऊन वाळवावं लागतं, मग दातेरी थापीनं मसाला ओढायचा आणि नवी फरशी ठोकून बसवायची. भिंतीकडेनं बोटभर जागा सोडायची, नाही तर आमच्या इकडच्या मे महिन्यात फरश्या फुगून एकमेकींना ढकलतात आणि मधूनच तंबूसारख्या उभ्या राहतात. शिवाय खाली काळी माती. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि वरचं घर तिच्या मर्जीनं हलतं.

माझ्याही चुका झाल्या आहेत. नव्या फरशीनं जमीन अर्धा इंच वर येते हे विसरून वरूडच्या एका संत्रा व्यापाऱ्याकडे मी सगळी फरशी बसवून मोकळा झालो. मग उतरवलेली दारं पुन्हा लावायला गेलो तर एकही फिरेना. सुतार सापडेपर्यंत त्या घरात आठवडाभर न्हाणीघराला साडीचा पडदा होता, आणि त्याच आठवड्यात त्यांच्याकडे व्याही मुक्कामाला आले. राजापेठेतल्या एका क्लासवाल्याला मी बजावून सांगितलं होतं की चोवीस तास कुणी पाय ठेवायचा नाही. त्यानं संध्याकाळची बॅच आत घेतली. म्हणाला, पोरं हलकी असतात. चाळीस हलकी पोरं. सकाळी अर्धा वर्ग पुन्हा उचलावा लागला.

या चुका सांगायला मला लाज वाटत नाही. त्या दुरुस्त करता येतात. मला सांगायचंय ते अकोल्याच्या कामाबद्दल. ते माझ्या हातचं सगळ्यात चांगलं काम होतं.

तीन वर्षांपूर्वी वैशालीताईंचा फोन आला. त्या अमरावतीत बँकेत नोकरीला, त्यांच्या फ्लॅटची फरशी मीच बसवलेली. माहेर अकोल्याचं. वडील वायरमन म्हणून निवृत्त झालेले, त्यांना कंपवात झाला होता, डॉक्टर पार्किन्सन म्हणतात तो. घरात आईवडील दोघंच. ताई म्हणाल्या, जुन्या फरशीचे कोपरे उडालेत, बाबा पाय घासत चालतात, चप्पल अडकून दोनदा पडता पडता वाचले. एकसारखी सपाट फरशी करून द्या, पण फोडाफोडी नको. धूळ आणि आवाज त्यांना सोसणार नाही.

मी मूर्तिजापूरमार्गे अकोला गाठलं. बायपासकडच्या वसाहतीत तीन खोल्यांचं घर, पुढं व्हरांडा, फाटकाशी कडुनिंब. घरभर दहा इंची चिप्सच्या फरश्या, एक तांबडी, एक पांढरी, बुद्धिबळाच्या पटासारख्या. ज्या कुणी बसवल्या त्याचा हात चांगला होता, ओळ कुठंही सुटलेली नव्हती. फक्त स्वयंपाकघराकडं जमीन दबली होती आणि पुष्कळ फरश्यांच्या कडा झडल्या होत्या. व्हरांड्यात आणि तिथून फाटकापर्यंतच्या वाटेवरही तीच फरशी, पण ती मात्र टणक वाजली, म्हणून तिला हात लावायचा नाही असं ठरलं.

ताईंचे वडील, तायडेकाका, आतून व्हरांड्यात आले. उंच माणूस, पण पाठ पुढं वाकलेली, हात कापत होते. नजर पायाशी. हळूहळू, पण कुणाचा आधार न घेता ते आले आणि खुर्चीवर बसले. त्या आजारात चेहरा थिजल्यासारखा होतो. माणूस खूश आहे की नाराज, वरून कळत नाही. आवाजही इतका बारीक होतो की कान जवळ न्यावा लागतो, आणि एका शब्दानंतर दुसरा यायला वेळ लागतो.

त्या दिवशी ताईही आल्या होत्या, त्यांनी नमुने मांडले. मी म्हणालो, चकचकीत नको, मॅट घ्या, पाय घसरत नाही. त्यांनी हस्तिदंती रंगाची, दोन बाय चार फुटांची मोठी फरशी निवडली. मोठी फरशी म्हणजे जोड कमी, आणि जोडात भरायचा मसालाही त्याच रंगाचा, म्हणजे सगळी जमीन एकसंध दिसते. तेव्हा काका काहीतरी म्हणाले. मी वाकलो.

"तांबडी... राहू द्या."

ताई हसून म्हणाल्या, "बाबा, तांबड्या फरशीचा जमाना गेला आता." काकांचे ओठ अजून हलत होते, त्यांना पुढं काही सांगायचं होतं. पण तोवर भिंतीलगतच्या पट्टीचं बोलणं निघालं. ते काढलं मीच.

नऊ दिवस काम चाललं. एक खोली झाली की सामान तिकडं, मग दुसरी. काकांचा पलंग तेवढे दिवस व्हरांड्यात, आणि त्यांच्या जायच्या-यायच्या वाटेवरचा हॉल आणि संडासाकडचा बोळ सगळ्यात शेवटी घेतला. काका दाराशी खुर्ची टाकून बसत आणि ओळीसाठी ताणलेलं माझं सूत न्याहाळत. आम्ही दोघंही हातानं पोट भरलेली माणसं, आमचं जमलं. ते दिवसाला चार-पाच वाक्यं बोलायचे. त्यातलं एक मला आठवतं. म्हणाले, खांबावर चढलं की खाली पाहाचं नाही, दूर पाहाचं नाही, फक्त पुढचा हात कोठी ठेवाचा थेवढं पाहाचं. काकू चहा आणून द्यायच्या आणि त्यांच्या बोलण्याचा राहिलेला भाग स्वतः पुरा करायच्या. प्रेमानंच. इतकी वर्षं सोबत राहिल्यावर माणसाला वाटतंच की समोरचा काय बोलणार ते आपल्याला ठाऊक आहे.

काम झालं. मी जमिनीशी गाल लावून हॉलच्या या टोकाहून त्या टोकाला पाहिलं. कुठं उंच नाही, कुठं खोल नाही, जोड शोधावा लागावा असा. वैशालीताई रविवारी आल्या, फिरून फिरून पाहिलं, आईला म्हणाल्या, आता बाबांना अडकायला काहीच उरलं नाही.

मग काकांना आत बोलावलं. ते व्हरांड्यातून नेहमीसारखे चालत आले, दारापर्यंत आले आणि थांबले. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. टाचा थरथरत होत्या, वरचं अंग पुढं जायला पाहत होतं आणि पाय येत नव्हते. काकूंनी एक हात धरला, ताईंनी दुसरा, आणि त्यांना जवळजवळ ओढत पलंगापर्यंत नेलं. ताई म्हणाल्या, नवं आहे, बिचकतात, सवय होईल. मीही तेच म्हणालो आणि संध्याकाळच्या बसनं घरी आलो.

तीन आठवड्यांनी काकूंचा फोन आला. त्यांना तक्रार करायची नव्हती, आवाजावरून कळत होतं. म्हणाल्या, फरशी लय छान झाली भाऊ, पन एकदा येऊन पाहून जा, घसरते का काय ते, कारन यांचं चालनंच बंद झालं.

गेलो. काका व्हरांड्यातल्या खुर्चीवर. काकूंनी सगळं सांगितलं. घरात एक पाऊल टाकता येत नव्हतं. संडासात न्यायचं तर शेजारच्या माणसाला हाक मारावी लागे, कारण काकूंचे स्वतःचे गुडघे गेलेले. पलंगाशेजारी ठेवायची कमोडची खुर्ची आणली, तर तिच्यावर बसायला काका तयार नाहीत. डॉक्टर म्हणाले आजार वाढला, गोळ्या वाढवून दिल्या. आणि आठ दिवसांपासून काकांनी पाणी पिणंच कमी केलं होतं. जावं लागू नये म्हणून. मार्च संपत आलेला, अकोल्याचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे.

मी फरशीवर पाणी ओतलं, ओल्या पायानं चाललो, उलटासुलटा पाय घासून पाहिला. घसरत नव्हती. उंचसखल नव्हती. नाण्यानं वाजवली, एकही पोकळ नाही. माझ्या कामात खोट सापडली असती तर बरं झालं असतं, काहीतरी करता आलं असतं.

काकू दुधाला गेल्या. मी दाराशी बसून विचार करत होतो. तेवढ्यात काका खुर्चीवरून उठले आणि व्हरांड्यातून फाटकापर्यंत गेले. एकटे. फाटकाला हात लावून परतही आले, हळू पण न अडखळता. दारात आले आणि आत पाऊल टाकताना पुन्हा तसेच खिळले.

मी त्यांना धरून खुर्चीवर बसवलं आणि समोर जमिनीवर बसलो. विचारलं, "काका, आत येताना काय होते?"

ते बोलायला लागले. मधे लांब थांबत होते. मी मधे बोललो नाही. 

"पायाले हुकूम देतो मी. पोचत नाही. मधात लाइन तुटली."

"मग व्हरांड्यात कसं जमते?"

बऱ्याच वेळानं त्यांनी बोटानं खाली दाखवलं. "तांबडी. तांबडीवर पाय ठेवाचा, पांढरी सोडाची. पुढची तांबडी दिसली का पाय आपोआप उठते. आत... आत काहीच नाही दिसत. सारं एकच."

मी व्हरांड्याच्या फरशीकडं पाहिलं आणि मग आत माझ्या हस्तिदंती जमिनीकडं. मला पहिल्या दिवशीचं त्यांचं अर्धं राहिलेलं वाक्य आठवलं. मी विचारलं, हेच सांगायचं होतं का तेव्हा? त्यांनी होकाराची मान हलवली. नाराजीनं नाही, नुसती हलवली. विचारलं, मग नंतर का नाही सांगितलं, इतके दिवस झाले? तर म्हणाले, "आयकाले वेळ कोनाले हाये, मिस्त्री."

हे त्यांनी कुणाला टोचून म्हटलं नाही. पाऊस नाही पडला म्हणावं तसं म्हटलं. पण मी नऊ दिवस त्यांच्यापासून चार हातांवर बसून होतो.

मी विचारलं, घरात चिकटपट्टी आहे का. त्यांनी कपाटाखालची त्यांची जुनी हत्यारांची पिशवी दाखवली. तिच्यात वायरला गुंडाळायच्या टेपच्या गुंडाळ्या होत्या, एक तांबडीही निघाली. एका तांबडीपासून पुढच्या तांबडीपर्यंत जुन्या दोन फरश्या, म्हणजे वीस इंच. दारापासून पलंगापर्यंत वीस-वीस इंचांवर मी आडव्या तांबड्या पट्ट्या चिकटवल्या, प्रत्येक दोन फूट लांब. 

मग त्यांना उठवलं. मी पाठीमागं, हात त्यांच्या अंगापासून वीतभर दूर. ते दारात थांबले. खाली पाहिलं. उजवा पाय उचलला आणि पहिल्या पट्टीवर ठेवला. मग दुसऱ्या. तिसऱ्या पट्टीनंतर माझे हात मी खाली घेतले. सात पट्ट्या चालून ते पलंगावर जाऊन बसले.

काकू दुधाची पिशवी घेऊन दारात उभ्या होत्या. कधी आल्या कळलंच नाही. त्या तिथंच उंबऱ्यावर बसल्या आणि बराच वेळ उठल्या नाहीत. काकांनी आतून पाणी मागितलं तेव्हा उठल्या.

वैशालीताईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा विश्वास बसला नाही. रविवारी आल्या, मलाही बोलावून घेतलं. काकांनी त्यांना पलंगापासून दारापर्यंत आणि परत चालून दाखवलं. ताईंनी आधी डॉक्टरांकडं फोनवर चौकशी केली. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हो, या आजारात असं होतं, पुष्कळांना रेघ दिसली की पाऊल टाकता येतं, सगळ्यांना नाही, आणि कायमचं नाही. मग ताई व्हरांड्यात येऊन बसल्या. मी दाराशी सुटलेली पट्टी पुन्हा चिकटवत होतो. म्हणाल्या, "मिस्त्रीभाऊ, त्यांना पडू नये म्हणून केलं हो मी सगळं. त्यांनाच विचारायचं राहिलं." मी म्हणालो, राहिलं ते माझंही राहिलं ताई. माझं तर कामच आहे विचारायचं. 

टेप टिकणारी नव्हती. पोछा मारला की कडा सुटत, आणि सुटलेल्या कडेत चप्पल अडकायची भीती. म्हणून पक्क्या पट्ट्या बसवायचं ठरलं. बसलेली फरशी मधूनच कापायची हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात नको वाटणारं काम. मशीनचं पातं जरा वाकडं गेलं की अख्खी फरशी तडकते. धूळ उडू नये म्हणून पाणी सोडत सोडत कापायचं, तेही एकावेळी बोटभर. पहिला काप मी हॉलच्या मधोमध घेतला, जिथं माझा जोड सापडत नव्हता तिथं.  

पट्ट्या कुठं घ्यायच्या ते काकांनी ठरवलं. मी खडूनं रेघा मारायच्या, त्यांनी चालून पाहायचं. वीस इंच दुपारपर्यंत जमायचे, गोळीचा असर उतरला की जड जायचे. अठरावर ठरलं. दारापासून पलंग, पलंगापासून स्वयंपाकघर, आणि बोळातून संडासापर्यंत. बोळाच्या शेवटी वळण होतं आणि तिथं सरळ रेघा उपयोगी पडेनात. वळताना पाय पुन्हा खिळायचे. दोन दिवस आम्ही त्या एका कोपऱ्यावर घालवले. शेवटी काकांनीच बोटानं हवेत काढून दाखवलं, पंख्याच्या पात्यांसारख्या रेघा काढ. तशा काढल्या आणि ते वळले. त्या दिवशी त्यांच्या थिजलेल्या चेहऱ्यावर मला हसू दिसलं. काकू म्हणतात नव्हतं, मी म्हणतो होतं.

दोन इंच रुंदीच्या तांबड्या पट्ट्या मी जमिनीशी अगदी समपातळीत बसवल्या, बोट फिरवलं तर कळू नये अशा. दोन फरश्या तडकल्या, त्या बदलल्या.

घर पाहायला येणारे हसायचे. कुणी म्हणायचं, रस्त्यावरचे झेब्रा पट्टे घरात आणले काय. शेजारी बांधकाम चालू होतं, तिथल्या मिस्त्रीनं काकूंना विचारलं, एवढ्या भारी फरशीची नासधूस कोण्या अडाण्यानं केली. काकूंनी मला हे फोनवर हसत हसत सांगितलं. मला जरा लागलं, नाही असं नाही. धंद्यातल्या माणसाला दुसऱ्या मिस्त्रीनं काय म्हटलं ते लागतंच.

तेव्हापासून मी घर पाहायला गेलो की विचारतो, घरात म्हातारं माणूस कोण आहे, ते कसं चालतं, मला चालून दाखवा म्हणा. काहींना हे विचित्र वाटतं. एका डॉक्टरसाहेबांनी मला सरळ सांगितलं की तुम्ही फरशीचं पाहा. मी फरशीचंच पाहत होतो.

काका दीड वर्ष चालले. मधून मधून काकूंचा फोन यायचा, आज स्वयंपाकघरात येऊन बसले, आज फाटकापर्यंत गेले. मग पट्ट्याही पुरेनात. आजार पुढं सरकत होता आणि त्याला रेघांनी अडवता येत नव्हतं. शेवटचे दोन महिने ते अंथरुणावर होते. गेल्या वर्षी गेले.

कळल्यावर मी अकोल्याला जाऊन आलो. घरात धम्मवंदना झालेली, फोटोसमोर मेणबत्ती.  निघताना मी काकूंना म्हणालो, तुमची इच्छा असेल तर पट्ट्या काढून तिथं हस्तिदंती तुकडे भरून देतो, मजुरीचा प्रश्न नाही. मला वाटलं, रोज पाहून त्यांना त्रास होत असेल.

काकू म्हणाल्या,

"राहू द्या भाऊ. दीड वर्ष तो माणूस सोताच्या पायानं संडासात गेला. लोकाइले हे कायीच वाटत नाही. ज्याच्या घरी असं माणूस असते ना, त्याले विचारा."